तिसरी सही : विद्यापीठ, कारखानदार आणि शेतकरी

संशोधनाच्या क्षेत्रात सांप्रत एक नवी व्यवस्था आकार घेत आहे, आणि तिचा परिणाम आपल्या बांधापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनाकडे वळवावेत, आणि त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगधंद्यांकडून यावेत, अशी योजना त्या वेळी सरकारने मांडली. त्याच वर्षी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अ‍ॅमेझॉन व बायर ह्या कंपन्यांशी सहकार्याचे करार केले. पुढील वर्षी सिंजेंटा कंपनीशीही तसाच करार झाला. विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि कारखानदाराची तिजोरी ह्यांचा संयोग घडवून आणण्याचे हे दिवस आहेत. अशा वेळी ज्याच्या रानात ह्या संयोगाचे फळ उगवावयाचे, त्याने त्याविषयी आपले मत बनविले पाहिजे.

हा संयोग होऊ नये असे म्हणणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. तो व्हावा, लौकर व्हावा आणि आपल्या वऱ्हाडात अधिक व्हावा. परंतु ज्या करारावर विद्यापीठाचा अधिकारी व कंपनीचा अधिकारी सही करतात, त्यावर तिसरी सही शेतकऱ्याच्या प्रतिनिधीची असली पाहिजे. आणि तशी ती होईपर्यंत त्या करारास पुरा म्हणू नये. एवढेच ह्या लेखाचे म्हणणे आहे.

ही सोबत आजची नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. शंभर वर्षांपूर्वी गिरणीवाल्यांची तक्रार अशी होती की, हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा व भेसळीचा असतो. शेतकऱ्याचे म्हणणे असे की, चांगल्या कापसास वेगळा भाव मिळत नाही, मग तो पिकवावा कशाला? दोन्ही पक्ष खरे बोलत होते. ह्यातून वाट काढण्यासाठी १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि १९२३ च्या कायद्याने देशातील गिरण्यांत खपणाऱ्या व परदेशी जाणाऱ्या कापसावर गाठीमागे काही आण्यांची पट्टी बसविण्यात आली. त्या समितीत शेतकी खात्याचे अधिकारी होते, व्यापारी होते, गिरणीवाले होते आणि कापूस पिकविणारांचे प्रतिनिधीही होते. पट्टी व्यापारी भरी. तथापि व्यापारी जे भरतो ते शेवटी भावातून वजा होते, हे खामगावच्या बाजारात गाडी उभी केलेल्या माणसास शिकवावयास नको. म्हणजे पैसा बऱ्याच अंशी आपल्याच वाडवडिलांचा होता.

त्या पैशातून काय झाले तेही पाहावे. १९२४ साली मुंबईस माटुंगा येथे कापसाची तंत्र-प्रयोगशाळा निघाली. तोवर शेतकी खात्यातील शास्त्रज्ञ नव्या वाणाची परीक्षा बहुधा डोळ्यांनी व बोटांनी करी. तो कापूस चातीवर कसा वागतो हे त्यास लौकर कळत नसे. आता थोडासा नमुना पाठविला की प्रयोगशाळा त्याचे सूत कातून पाही, आणि हे वाण किती नंबरच्या सुतास योग्य आहे ते सांगे. शेत आणि गिरणी ह्यांच्यामध्ये जी भिंत होती तिला अशी खिडकी पडली. त्याच सुमारास इंदूर येथे वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे पहिले संचालक झाले. काडीकचरा, शेण व मूत्र ह्यांपासून कंपोस्ट करण्याची जी इंदूर पद्धती आज सर्वत्र माहीत आहे, ती ह्याच संस्थेत सिद्ध झाली. कापसाच्या पट्टीवर पोसलेल्या संस्थेतून खताची पद्धती निघावी, आणि ती कोणाच्याही मालकीची न राहता सर्वांची व्हावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६६ साली ती समिती विसर्जित झाली. माटुंग्याची प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या नावाने आजही चालू आहे.

आपल्या विदर्भातच दुसरे उदाहरण आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांनी मृत्युपत्राने आपली मोठी संपत्ती नागपूर विद्यापीठास दिली, आणि तिच्यातून १९४२ साली नागपुरास लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेलबियांपासून तेल काढण्याचे व शुद्ध करण्याचे शास्त्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. मँगनीजच्या खाणीतला पैसा तेलाच्या शास्त्राकडे वळला, आणि देणाऱ्याने आपल्या घराण्यासाठी त्यावर हक्क राखला नाही. असे दाते विरळा, हे खरे; म्हणूनच बाकीच्यांशी करार नीट लिहावा लागतो.

सरकारी संशोधन आणि खाजगी उद्योग ह्यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ह्याचे जवळचे उदाहरण जालन्याचे. दिल्लीच्या संस्थेने काढलेली पुसा सावनी ही भेंडी घेऊन बद्रीनारायण बारवाले ह्यांनी बियाणे तयार करण्यास आरंभ केला, आणि १९६४ साली महिको ही कंपनी स्थापिली. वाण सार्वजनिक, उद्योग खाजगी, आणि बी शेतकऱ्याच्या हाती. आमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल तयार केली तेव्हाही असेच झाले. विद्यापीठाने यंत्र सिद्ध केले, कारखानदारांस ते बनविण्याचा परवाना दिला, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी व बचत गटांनी ते विकत घेतले. आज तूर, मूग, उडीद, हरभरा गावातच भरडून डाळ करून विकता येते. कच्चा माल व पक्का माल ह्यांतला फरक काही अंशी गावात राहतो. ह्या व्यवहारात लपवाछपवी नाही. यंत्र डोळ्यांपुढे चालते, बिघडले तर मिस्त्री दुरुस्त करतो, आणि न परवडले तर शेतकरी ते घेत नाही.

बियाण्याची गोष्ट निराळी आहे. दाण्याच्या आत काय आहे हे डोळ्यांस दिसत नाही, आणि ते कळते तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून बीटी कापसाचा इतिहास जरा सावकाश वाचावा.

१९९८ साली महिको व अमेरिकेतील मोन्सॅन्टो ह्या कंपन्यांची भागीदारी झाली, आणि २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांस परवानगी मिळाली. प्रारंभी बोंडअळीपासून पिकाचे रक्षण झाले व फवारणीचा खर्च वाचला, हे कबूल केले पाहिजे. परंतु २००६ पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटास सोळाशे रुपयांहून अधिक पडत, आणि त्यांत १,२५० रुपये केवळ जनुकाच्या स्वामित्वाचे असत. आंध्र प्रदेश सरकारने त्या वर्षी मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा दर सुमारे ७५० रुपयांवर आला. पुढे केंद्र सरकारने २०१५ साली दरनियंत्रणाचा आदेश काढला, २०१६ साली हे स्वामित्वशुल्क ४९ रुपयांवर आणले आणि २०२० साली ते अजिबात काढून टाकले. जी रक्कम १,२५० वरून शून्यावर येऊ शकते, ती मुळात कोणी व कोणत्या हिशेबाने ठरविली होती? ज्याने ती भरली त्यास तेव्हा कोणी विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट पाहा. बीटीचा गुण टिकावा म्हणून शेताच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावाव्या, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लौकर येणार नाही, असे शास्त्र सांगत होते. त्यासाठी पाकिटासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडीही येई. बहुतेकांनी ती पेरली नाही. आणि हा दोष आपला आहे. परंतु ती कशासाठी आहे हे दुकानदाराने सांगितले नाही आणि वरच्या कोणी गावात येऊन समजाविले नाही, हेही तितकेच खरे. २०१० साली गुजरातेत शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटीस दाद देईनाशी झाल्याचे कंपनीनेच जाहीर केले. आणि २०१७ च्या हंगामात आपल्या विदर्भाने त्याच अळीने पोखरलेली बोंडे पाहिली. ज्या तंत्राचे आयुष्य शेतकऱ्याच्या वागण्यावर अवलंबून होते, त्याच्या करारात शेतकरी पक्षकारच नव्हता. कर्तव्य त्याच्याकडे, संमती मात्र घेतलेली नाही. असा व्यवहार टिकत नसतो.

तिसरी गोष्ट अकोल्याच्या व नांदेडच्या वाणांची. पीकेव्ही हायब्रीड-२ आणि नांदेड-४४ ही कोरडवाहू रानास मानवलेली संकरित वाणे बीटीच्या लाटेत बाजूस पडली; ती वाईट होती म्हणून नव्हे, तर त्यांत ते जनुक नव्हते म्हणून. पुष्कळ वर्षांनी महाबीज व कृषी विद्यापीठे ह्यांच्यातील करारामुळे ती बीटी स्वरूपात आली. तोवर बाजार दुसऱ्यांच्या हाती गेला होता. वेळेवर झालेला चांगला करार आणि उशिरा झालेला चांगला करार ह्यांत किती अंतर असते ते ह्यावरून कळावे.

ह्यावर कोणी म्हणेल, मग कंपन्यांस दूर ठेवावे आणि सर्व काम सरकारी संस्थांनी करावे. त्याचेही उत्तर अनुभवाने दिलेले आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विद्यापीठ ह्यांनी इतर सरकारी संस्थांच्या साह्याने बिकानेरी नरमा ह्या सरळ वाणाचे बीटी रूप सिद्ध केले. त्याचे बी शेतकऱ्यास घरी राखता येणार होते. २००९ साली ते बाजारात आले, आणि थोडक्याच काळात मागे घ्यावे लागले. कारण त्यांत मोन्सॅन्टोच्याच जनुकाची सरमिसळ आढळली. २०१२ साली सोपोरी समितीने ह्याविषयी अहवाल दिला. तसेच २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यभर झाल्या, त्यांत महाबीजच्या बियाण्याविषयीच्याही होत्या. संस्था सरकारी असली म्हणजे तिचे दप्तर स्वच्छच असते असे नाही. तेव्हा प्रश्न सरकारी की खाजगी असा नसून, कागद उघडा आहे की झाकलेला, हा आहे.

महसुलाच्या दप्तरात ज्याचे आयुष्य गेले त्यास ही गोष्ट आपल्याच भाषेत सांगणे सोपे वाटते. वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरी सातबारा आहे. त्यातील गाव नमुना सात हा हक्काचा. त्यात कब्जेदार कोण व इतर हक्क कोणाचे ते लिहिलेले असते. नमुना बारा हा पिकाचा. त्यात कोणत्या साली काय पेरले ते येते. कृषी संशोधनाच्या आजच्या व्यवस्थेत शेतकऱ्याचे नाव बारामध्ये आहे, सातमध्ये नाही. पेरणारा तो, फवारणारा तो, नुकसान सोसणारा तो. पण हक्काच्या पानावर विद्यापीठ व कंपनी. निदान इतर हक्काच्या रकान्यात तरी त्याची नोंद व्हावी, ही मागणी अवाजवी नाही.

शिवाय फेरफाराची नोंद धरली म्हणजे हितसंबंधितांस नोटीस निघते, तिची प्रत चावडीवर लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते. पाव एकराच्या वाटणीस जर एवढी काळजी, तर लाखो एकरांवर पेरल्या जाणाऱ्या वाणाच्या करारास ती का नसावी? म्हणून पुढील अटी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली अट अशी की, कृषी विद्यापीठाने कोणत्याही कंपनीशी करार करण्यापूर्वी त्याचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा आणि हरकतींसाठी मुदत द्यावी. कंपनीचे खरे व्यापारी गुपित असेल तेवढा भाग झाकावा. परंतु वाण कोणाचे, जनुक कोणाचे, उत्पन्नाची वाटणी कशी, हे गुपित होऊ शकत नाही.

दुसरी अट दराची. सार्वजनिक पैशाने सिद्ध झालेल्या वाणाच्या वा यंत्राच्या किमतीत विद्यापीठाचे किती, कंपनीचे किती, हे पाकिटावर किंवा पावतीवर छापावे.

तिसरी अट बियाण्याच्या हक्काची. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ ह्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापाच्या नावाविना विकण्याचाही हक्क दिला आहे. तसेच संरक्षित वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही तर भरपाई मागण्याचा हक्कही दिला आहे. कोणत्याही कराराने ह्या हक्कास बाध येऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहावे.

चौथी अट प्रयोगाच्या जागेची. अकोला पूर्णेच्या खोऱ्यात. तेथील काळी खोल जमीन आणि आमच्या घाटावरची हलकी, मुरमाड, उताराची जमीन ह्यांत मोठे अंतर आहे. घाटाखाली जे वाण डोलते ते देऊळघाटच्या पैनगंगेकाठी एक वेळ डोलेल. पण वरच्या बरडावर ते मान टाकील. म्हणून घाटावर व घाटाखाली, दोन्हीकडे शेतकऱ्यांच्या रानात प्रयोग व्हावेत, आणि निष्फळ झालेल्या प्रयोगांचे आकडेही सफळ झालेल्यांइतकेच प्रसिद्ध करावेत. ज्याने पैसा दिला त्यास प्रतिकूल निष्कर्ष दडपण्याचा अधिकार नसावा.

पाचवी अट सर्वांत महत्त्वाची आहे. कंपनी ज्यातून माल विकता येईल त्याच प्रश्नास पैसा देईल. आणि त्यात तिचा दोष नाही, व्यापाराचा तो धर्मच आहे. संकरित बी दर वर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून त्यास पैसा मिळेल. सोयाबीनचे घरचे बी कसे राखावे व पेरणीपूर्वी त्याची उगवण कशी तपासावी, तुरीच्या आंतरपिकात ओळींचे प्रमाण काय ठेवावे, उतारावरचे पाणी शेतातच कसे मुरवावे, ह्या ज्ञानाचे पाकीट होत नाही. म्हणून त्यास कोणी पैसा देणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे पोट मात्र ह्याच ज्ञानावर आहे. तेव्हा उद्योगाकडून येणाऱ्या प्रत्येक रकमेचा ठरावीक हिस्सा अशा न विकल्या जाणाऱ्या संशोधनासाठी वेगळा काढावा. उद्योगाचा पैसा आला म्हणून सरकारने आपला हात आखडता घेतला, तर ही सर्व भागीदारी आपणास महाग पडेल.

आता आपले कर्तव्य. रिकाम्या हाताने तिसरी सही मागणे शोभत नाही. उसाच्या मुलखाकडे पाहा. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरी येथे आपली संशोधन संस्था काढली. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ह्या नावाने ती आज प्रसिद्ध आहे. कारखाने तिला वर्गणी देतात, म्हणून तिच्या कारभारात त्यांचा आवाज आहे. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या आम्ही अशी कोणती संस्था पोसली? आमचे पीक कोरडवाहू, आमची मिळकत बेभरवशाची, हे सर्व खरे. परंतु शंभर वर्षांपूर्वी गाठीमागच्या आण्यांनी माटुंगा व इंदूर येथील संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा वऱ्हाडचा शेतकरी आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हता.

आपल्या संघाने ह्या वर्षी तीन गोष्टी कराव्या. ज्या सभासदांची तयारी असेल त्यांची पाच-पाच गुंठे रान प्रयोगासाठी नोंदवून ती यादी बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावी. त्या रानांतील पाऊस, पेरणीची तारीख, उगवण, कीड व उत्पन्न ह्यांची वही प्रत्येकाने ठेवावी. कारण ज्याच्याजवळ आकडे असतात त्याच्या शब्दास सभेत वजन येते. आणि विद्यापीठाने अलीकडे केलेल्या करारांच्या नकला माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये मागवून त्या ह्या मासिकात छापाव्या. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांस जागा आहेत. त्या जागेवरील सदस्यांस आपण ह्या नकला हाती देऊन प्रश्न विचारावयास सांगितले पाहिजे. नुसते हार घालून परत पाठवू नये.

विद्यापीठास पैसा हवा आहे, कारखानदारास ज्ञान हवे आहे, आणि दोघांनाही रान हवे आहे. रान आपले आहे. ते देताना आपण करार वाचून, समजून व सही करून दिले, तर ह्या भागीदारीचे फळ तिघांच्याही घरी जाईल. न वाचता दिले, तर त्या रानात आपण कूळ म्हणूनच राहू.

— एक निवृत्त महसूल कारकून
देऊळघाट, जि. बुलढाणा